चिकटपट्टीत काय आहे, हे रुग्णाला कोण सांगणार?

गेल्या उन्हाळ्यात कोकणातील एका शिबिराहून परतताना एका जुन्या साथीच्या घरी मुक्काम पडला. हे साथी एस. टी. त वाहक आहेत. त्यांच्या बारा वर्षांच्या मुलीला पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे, म्हणजे इन्सुलिनच्या टोचणीवाचून तिला एक दिवसही काढता येत नाही. बोटे टोचून टोचून पोरीची बोटे बोथट झाली, म्हणून घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन दंडावर चिकटवायचा साखर-मापक सेन्सर घेतला होता. जेवणे झाल्यावर तिने बाही वर करून दंड दाखविला. सेन्सर जेथे होता, तेथे पेढ्याएवढे लालभडक वर्तुळ उमटले होते, कडेला बारीक फोड होते आणि मधून लस येत होती. चौदा दिवस चालावयाचा सेन्सर सहाव्या दिवशी उपटून काढावा लागला होता. हा असा तिसरा सेन्सर.

त्यांनी विचारायचे तेथे विचारले होते. औषधांच्या दुकानदाराने घामाकडे बोट दाखविले. विक्रेत्या कंपनीच्या फोनवरील बाईंनी त्वचा नाजूक असल्याचे सांगितले. तालुक्याच्या डॉक्टरांनी मलम दिले. ते योग्यच होते, पण पुढचा सेन्सर लावला की पुन्हा तेच. पट्टीत नेमके काय आहे, हा प्रश्न मुलीनेच विचारला होता. त्याचे उत्तर कोणापाशीही नव्हते. खोक्यावर उत्पादनाचा क्रमांक होता, मुदत होती, किंमत होती. गोंदात काय आहे, ते नव्हते.

ह्या प्रश्नाला इतिहास आहे, आणि तो आपल्या कार्यकर्त्यांनी समजून घेण्याजोगा आहे.

अशा सेन्सरचा एक केसासारखा तंतू त्वचेखाली काही मिलिमीटर जातो व पेशींभोवतीच्या द्रवातील साखर मोजतो. त्याला जागेवर धरून ठेवते ती पट्टी. दहा-चौदा दिवस आंघोळ, घाम, झोप, धावपळ यांतून ती सुटता कामा नये, म्हणून गोंद जबर असतो. अशी पट्टी त्वचेला दोन रीतींनी जाच करते. पहिली साधी: त्वचा कोंडली जाते, घाम अडकतो, पट्टी ओढून काढताना वरचा थर सोलला जातो. ही आग बहुधा पट्टीपुरतीच असते व पट्टी काढल्यावर काही दिवसांत शमते. दुसरी रीत म्हणजे खरे वावडे. गोंदातील एखादे रसायन त्वचेत झिरपते, शरीरातील संरक्षक पेशी त्याला शत्रू म्हणून ओळखू लागतात, आणि ती ओळख त्या सहसा विसरत नाहीत. हे पहिल्या दिवशी घडत नाही. कित्येक आठवडे, कित्येक महिने सेन्सर सुखाने वापरल्यावर एकाएकी खाज सुटते, फोड येतात, लाली पट्टीबाहेर पसरते आणि पुढच्या प्रत्येक वेळी अधिक लवकर येते. ‘इतके दिवस काही झाले नाही, मग आताच कसे?’ असे म्हणून रुग्णालाच खोटे पाडले जाते; वस्तुतः इतके दिवस काही न होणे हाच ह्या दुखण्याचा स्वभाव आहे.

बेल्जियममध्ये ‘फ्रीस्टाइल लिब्रे’ नावाचा सेन्सर वापरात आल्यावर तेथील त्वचारोगतज्ज्ञांकडे असेच दंड घेऊन रुग्ण येऊ लागले. नेहमीच्या चाचणी-संचातील द्रव्ये पाठीवर लावून पाहिली, तर पुष्कळदा काहीच उमटेना. मग बेल्जियम व स्वीडनमधील संशोधकांनी सेन्सरच फोडला, त्याचे तुकडे द्रावकात भिजवून प्रयोगशाळेत पृथक्करण केले, आणि आयसोबॉर्निल ॲक्रिलेट हे द्रव्य हाती लागले. २०१७ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. गंमत अशी, की ते सर्वांत अधिक सापडले ते त्वचेला लागणाऱ्या पट्टीत नव्हे, तर प्लॅस्टिकच्या दोन झाकण्या जेथे जोडल्या होत्या तेथे. तेथून ते पट्टीत व पट्टीतून कातडीत उतरत होते. पट्टीवर संशय घेणारा रुग्ण बरोबर होता. गुन्हेगार मात्र वरच्या मजल्यावर राहत होता!

२०२० साली अमेरिकन काँटॅक्ट डर्मेटायटिस सोसायटीने ह्याच द्रव्याला ‘वर्षाचा ॲलर्जीकारक’ म्हणून जाहीर केले. पुढील आवृत्तीतून ते वगळले गेल्याचेही संशोधकांना आढळले, आणि न्यायाने हे नमूद केले पाहिजे. परंतु त्याच सुमारास दुसऱ्या एका कंपनीच्या सेन्सरचा गोंद बदलला गेला, आणि ज्यांना जुना सोसत होता अशांच्याही अंगावर फोड उठू लागले. तेथे वेगळेच ॲक्रिलेट निघाले. पुन्हा तीच शोधाशोध. जी गोष्ट कारखान्याच्या वहीत लिहिलेली आहे, ती शोधण्यासाठी सार्वजनिक विद्यापीठांतील वैज्ञानिकांनी महिनोन्महिने घालवावेत, हा कोणत्या जगाचा शहाणपणा?

आणि ही ॲक्रिलेटे वैद्यकाला नवीन नव्हती. दातांच्या कवळ्या घडविणारे कारागीर, अतिनील प्रकाशात सुकणारी शाई हाताळणारे छापखान्यांतील कामगार, आणि अलीकडे नखांवर जेल बसविणाऱ्या पार्लरमधील मुली ह्यांच्या बोटांवर त्यांनी दशकानुदशके आपली सही केलेली आहे. कामगारांच्या बोटांनी जे आधीच सांगितले होते, त्याची दखल वेळीच घेतली असती, तर मधुमेही मुलांच्या दंडांना ते पुन्हा शिकवावे लागले नसते. व्यवसायजन्य रोगांची आबाळ ही केवळ कामगाराची हानी नव्हे, हे आपण वारंवार मांडतो; त्याचे इतके उघड उदाहरण क्वचित मिळते.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे तोंडाला लावायच्या क्रीमच्या डबीवर घटकद्रव्यांची यादी छापावी लागते. ते क्रीम आपण रात्री लावतो व सकाळी धुऊन टाकतो. सेन्सर हे मात्र वैद्यकीय उपकरण; त्याला २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागू. त्यांत उत्पादकाचे नाव, तुकडीचा क्रमांक, मुदत हे सारे आहे, पण गोंदातील द्रव्ये सांगण्याची सक्ती नाही. म्हणजे धुऊन टाकण्याच्या वस्तूची माहिती आहे, आणि चौदा दिवस अहोरात्र कातडीला जखडून राहणाऱ्या वस्तूची नाही. व्यापारी गुपित म्हणून ह्याचे समर्थन होते. कोणी प्रमाण व कृती मागत नाही. नावे मागतो आहोत.

येथे काही साथी विचारतील, आणि शिबिरात एकाने विचारलेच, की ज्या देशात लक्षावधींना साखर मोजायची साधी पट्टी परवडत नाही, तेथे चार-पाच हजारांच्या सेन्सरखालच्या खाजेवर लेख कशाला? हा आक्षेप मी हलका मानत नाही. भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आय. सी. एम. आर. च्या पाहणीत होता. त्यांतील बहुतेकांचा पहिला प्रश्न औषधाचा आहे, हे खरेच. परंतु सेन्सर हा केवळ धनिकांचा दागिना राहिलेला नाही. वाहकाच्या घरात तो आला आहे, आणि श्रीमंताचा सेन्सर सहाव्या दिवशी निघाला तर तो दुसरा लावतो, वाहकाची मुलगी उरलेले आठ दिवस पुन्हा बोटे टोचते आणि रात्री साखर घसरली तर आई उशाशी जागी बसते. पुरळ दोघांच्याही अंगावर सारखेच उठते, त्याचा दंड मात्र एकाच घराला भरावा लागतो. शिवाय उद्या सरकारी रुग्णालयांनी हे सेन्सर द्यावेत अशी मागणी आपण करणारच. तेव्हा सरकार खरेदी करणार ते काय, हे आजच विचारलेले बरे.

तोवर घरोघरी काय करावे, हेही सांगितले पाहिजे. सेन्सरची जागा दर वेळी बदलावी. त्वचा बिनवासाच्या साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करावी, स्पिरिट लावल्यास ते सुकू द्यावे, तेथे तेल वा क्रीम लावू नये. काढताना मात्र खोबरेल तेल कडांना सोडून, सावकाश, त्वचेला समांतर सोलावे. जखमेवर लावतात ती जेलीसारखी हायड्रोकोलॉइड पट्टी मध्ये छिद्र पाडून खाली घातल्याने कित्येकांना आराम पडतो, पण डॉक्टरांना विचारून; तंतू पुरेसा खोल गेला नाही तर आकडे चुकतात आणि चुकलेल्या आकड्यावर इन्सुलिन घेणे जीवावर बेतू शकते. खरे वावडे असेल तर असे आडपडदे फार काळ टिकत नाहीत. रसायन त्यांतूनही झिरपते. तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच चाचणी करून घ्यावी, वापरलेला सेन्सर बरोबर न्यावा, आणि ते द्रव्य नसलेले उपकरण शोधावे. पुरळाच्या भीतीने साखर मोजणेच सोडणे, हा सर्वांत वाईट मार्ग.

आणि तक्रार लेखी करावी. वैद्यकीय उपकरणांपासून झालेल्या अपायांची नोंद घेण्यासाठी २०१५ सालापासून गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमार्फत मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम चालतो. रुग्णही तेथे कळवू शकतो. हे किती डॉक्टरांना व किती रुग्णांना ठाऊक आहे, हे आपापल्या गावात विचारून पाहावे. नोंद नाही म्हणजे अपाय नाही, असा हिशेब सरकारी कचेरीत होतो. पक्षाच्या आरोग्य शाखांनी हे अर्ज छापून ठेवले तर मोर्च्याइतकेच काम होईल.

आमच्या साथींच्या मुलीने स्वतःच्या अक्षरात तो अर्ज भरला. ‘अपायाचे वर्णन’ ह्या रकान्यात जागा अपुरी पडली, म्हणून तिने पाठीमागे दंडाची आकृती काढून लाल पेनाने वर्तुळ रंगविले आहे. अर्ज टपालात पडला आहे. उत्तर आले की ह्याच पानावर कळवू.