पायाची शेकडेवारी

मागच्या रविवारी सकाळी माझा एक जुना विद्यार्थी दारात रिक्षातून उतरला. दोन्ही बगलांत कुबड्या. वय अडतीस. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डर आहे. हुपरी रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरने त्याच्या मोटारसायकलला उडवले आणि डाव्या पायाचा चुरा झाला. कसाबसा कट्ट्यावर टेकला आणि पिशवीतून एक कागद काढून म्हणाला,

"गुरुजी, ह्येच्यावर सही करू का नको? आत्ता एक रुपाया द्यायचा न्हाई म्हणत्यात. क्लेमचं पैसं आलं की तीस टक्के त्येंचं."

कागद वाचला. वकिलाच्या नावाची जागा कोरी होती. रकमेची जागाही कोरी. सह्या करायच्या चार ठिकाणी मात्र पेन्सिलीने फुल्या मारून ठेवल्या होत्या! कागद कोणी दिला म्हणून विचारले. दवाखान्यात खाटेपाशी आलेल्या एका माणसाने. तो वकील नव्हे, वकिलाचा कारकूनही नव्हे. नुसता 'काम करून देणारा'.

आयुष्यभर पोरांना शेकडेवारी शिकवली. म्हटलं, पाटी घे, हेही गणित सोडवू.

मोटार अपघात न्यायाधिकरण भरपाई कशी काढते? समजा, महिना पगार १५,००० रुपये. वर्षाचे झाले १,८०,०००. पायामुळे कमाईची ताकद निम्मी झाली असे न्यायालयाने धरले, तर वर्षाचे नुकसान ९०,०००. त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचे. २००९ च्या सरला वर्मा निकालातल्या कोष्टकाप्रमाणे ३६ ते ४० वयाला तो आकडा १५ आहे. म्हणजे १३,५०,०००. पुढची पगारवाढ, औषधपाणी, सोसलेल्या यातना यांचे पैसे वेगळे, ते तूर्त बाजूला ठेवू. आता तेरा लाख पन्नास हजारांचे तीस टक्के किती? ४,०५,०००. भागिले ९०,०००. उत्तर : साडेचार.

पंधरा वर्षांच्या नुकसानीपैकी साडेचार वर्षांचे पैसे सही करतानाच गेले. पोरगा गप्प झाला.

माझा राग नेमका इथे आहे. भरपाई ही लॉटरी नव्हे. कायद्याचा शब्द 'न्याय्य भरपाई' असा आहे. गेले तेवढे मोजून भरून द्यायचे, कमी नको आणि जास्तही नको. त्या हिशेबात 'मध्यस्थाचे तीस टक्के' असा रकाना कुठेच नाही. मग हे पैसे येतात कुठून? विमा कंपनी एक पैसा जादा देत नाही. ते जखमी माणसाच्या औषधातून आणि त्याच्या पोरांच्या फीमधून जातात.

लोकांना वाटते, ही जगरहाटी आहे, चालायचेच. नाही मंडळी! बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत स्वच्छ लिहिले आहे की वकिलाने निकालावर अवलंबून फी ठरवू नये आणि मिळणाऱ्या रकमेत वाटा घेण्याचा करार करू नये. गिऱ्हाईक गोळा करायला माणसे पाठवणेही नियमाबाहेरचे. हा काही नवा दंडक नव्हे. मुंबईच्या एका ज्येष्ठ वकिलाने वसुलीच्या निम्म्या वाट्याचा करार केला होता, तो १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने गैरवर्तनच ठरवला. पुढे २०१७ साली तेलंगणातले प्रकरण आले. अपघातात नवरा गेलेल्या बाईकडून फीपोटी आणखी ३ लाखांचा चेक घेतला होता. तो वटला नाही म्हणून वकिलानेच तिच्यावर फौजदारी केली. न्यायमूर्ती आदर्शकुमार गोयल आणि उदय लळित यांनी तो खटला रद्द केला आणि टक्केवारीने फी मागणे सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे, असे सांगितले.

यावर एक उत्तर मिळते, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. "गरिबाकडे आधी द्यायला पैसे नसतात. टक्केवारी नसेल तर तो कोर्टाची पायरीच चढणार नाही." अमेरिकेत हीच पद्धत उघडपणे चालते, हेही खरे. पण आपल्याकडे गरिबासाठी वेगळी वाट केलेली आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो. त्यांच्या उत्पन्नाची अट नाही. माझा विद्यार्थी त्यात बसतो. त्याला हे कोणी सांगितले? पोलिसांनी नाही, दवाखान्याने नाही. टक्केवाला मात्र बरोबर खाटेपाशी पोचला.

आणि तो सोबत भीती घेऊन येतो. "सहा महिन्यांत केस टाकली नाही तर सगळं बुडालं!" १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत कायद्यात आहे खरी. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, केवळ मुदत संपली म्हणून अर्ज फेटाळू नका, असा अंतरिम आदेश दिला. तरी त्या भरवशावर कोणी बसू नये. पण सहा महिने म्हणजे सहा तास नव्हेत. चार वकिलांना भेटून विचारायला तेवढे पुरतात.

वकील नकोच, असे मी मुळीच म्हणत नाही. चांगला वकील लागतोच. दाखल्यावर चाळीस टक्के अपंगत्व लिहिले म्हणजे कमाईही चाळीसच टक्के बुडाली असे नसते. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात हे सांगितले आहे. हात गेला तर सुताराचा धंदाच बसतो, कारकुनाची नोकरी कदाचित टिकते. भट्टीजवळ दिवसभर उभे राहणाऱ्या मोल्डरचा पाय म्हणजे काय, हे न्यायाधीशांपुढे मांडणे हे वकिलाचे कसब. त्याची फी जरूर द्यावी. पण ती आकड्यात ठरावी, कागदावर यावी, टप्प्याटप्प्याने द्यावी आणि पावती घ्यावी. कोऱ्या कागदावर सही करू नये. एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, बिले यांच्या प्रती आपल्या घरात असाव्यात. केसचा नंबर आपल्याला पाठ असावा. पासबुक आणि चेकबुक कुणाच्याही ताब्यात देऊ नये, मग तो कितीही 'आपला माणूस' असो.

दोष आपलाही आहे. आपणच विचारतो, "किती टक्क्यांत करून देता?" जमिनीच्या दलालाला विचारावे तसे! एकदा तसे विचारले की समोरच्याला आपला पाय हा मालच दिसणार.

कोल्हापूरच्या वकील मंडळींनी खंडपीठासाठी वर्षानुवर्षे आंदोलने केली. आम्ही गावकरीही त्यांच्या मागे होतो. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट बेंच सुरू झाले, तेही सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत. न्यायाधिकरणाच्या निकालावरच्या अपिलासाठी मुंबई गाठण्याची दगदग संपली. आनंदच आहे. आता त्याच मंडळींना हात जोडून एक मागणे आहे. रस्ता ओलांडा आणि दवाखान्याच्या दारात एक फलक लावा : 'भरपाईत टक्केवारी मागणे नियमबाह्य आहे. मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे या.' दोन ओळींचा खर्च तो किती? प्रामाणिक वकील तुमच्यात पुष्कळ आहेत. त्यांनीच हे करायला हवे, कारण टक्केवाल्यामुळे नाव त्यांचेच खराब होते.

जाताना पोराने कागदाची घडी घातली. म्हणाला, "गुरुजी, तवा शेकडेवारीत मी नापास झालतो."

म्हटलं, आता पास झालास. सोमवारी सकाळी आम्ही दोघे रिक्षाने कसबा बावड्याला, विधी सेवा प्राधिकरणात गेलो. कागद त्याच्या खिशातच होता, सही न केलेला.