डिफॉल्टर कोण?

सरकारी मानसोपचार ओपीडीत एक शब्द सर्रास ऐकू येतो: डिफॉल्टर. दोन महिने गोळ्या न्यायला न आलेला पेशंट म्हणजे डिफॉल्टर. कर्ज बुडवणाऱ्यासाठीचा हा शब्द. तो लावला जातो स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार घेऊन जगणाऱ्या माणसाला, ज्याचं काम सुटलंय, ज्याच्याशी नातलग बोलत नाहीत. त्यानं कुणाचं काय बुडवलं?

माझं म्हणणं सरळ आहे. असा माणूस सेवेपासून तुटत नाही, सेवाच त्याच्यापर्यंत येण्याआधी तुटते. आणि ती कुठल्या वळणावर तुटणार, हे आपल्या देशात बऱ्याचदा जात ठरवते.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला, जिल्हा कार्यक्रम १९९६ साली. त्यानंतर २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात काय आढळलं? सायकोसिससारखा तीव्र आजार असलेल्या दर चारांपैकी सुमारे तिघे उपचाराबाहेर. लाख लोकांमागे मानसोपचारतज्ज्ञ केरळात १.२, मध्य प्रदेशात ०.०५. म्हणजे वीस लाख लोकांमागे एक.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: लोक अडाणी आहेत, अंधश्रद्ध आहेत. मग जरा हिशेब करू. पेशंट एकटा जाऊ शकत नाही, म्हणून सोबत आई किंवा भाऊ. दोघांची मजुरी बुडाली. गाडीभाडं गेलं. केस पेपरची रांग, डॉक्टरांची रांग, औषधाची रांग. शेवटी खिडकीवर उत्तर: ही गोळी संपली, बाहेरून घ्या. बरं, गोळी मिळाली तरी तिनं दिवसभर गुंगी येते, हात थरथरतात. थरथरत्या हातानं विटा कशा वाहायच्या? मुकादम दुसऱ्या दिवशी कामावर घेत नाही. म्हणून गोळी बंद होते. डोस बदलता आला असता, पण विचारायला कुणी घरी आलं नाही. अहवालात मात्र कारण लिहिलं जातं: अज्ञान.

आता भगताकडे बघा. मी त्याची बाजू घेत नाही. अंगारा, मारहाण, साखळी यांना आपला विरोधच आहे. पण भगत गावातच राहतो, बोलावलं की येतो, घरातल्यांची भाषा बोलतो. डॉक्टर यातलं काहीच करत नाही. तमिळनाडूतल्या एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या खाजगी आश्रयगृहात आग लागली. साखळदंडानं बांधलेली माणसं पळू शकली नाहीत. २८ जण गेले. तेव्हाही बोट अंधश्रद्धेकडे दाखवलं गेलं. त्या घरांना दुसरं कुठलं दार उघडं होतं, हा प्रश्न बाजूला राहिला.

दुसरं दार उघडता येतं, याचा पुरावा आपल्याकडे आहे. तमिळनाडू, गोवा आणि साताऱ्यात स्किझोफ्रेनिया असलेल्या २८२ जणांवर एक अभ्यास झाला. तो २०१४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. काहींना फक्त दवाखाना, तर काहींना दवाखान्यासोबत घरी येणारे स्थानिक कार्यकर्ते मिळाले. हे कार्यकर्ते मानसोपचार शिकलेले नव्हते, त्यांना या कामापुरतं प्रशिक्षण दिलं होतं. ज्यांच्या घरी ते गेले, त्यांची लक्षणं आणि अक्षमता जास्त कमी झाली. फरक माफक होता, ग्रामीण तमिळनाडूत जास्त दिसला. कलंक आणि कुटुंबावरचा भार मात्र हलला नाही. ते साहजिकच आहे. घरी येऊन कुणी विचारपूस केली म्हणून मजुरी मिळत नाही, पेन्शन सुरू होत नाही, वस्तीकडे बघण्याची नजर बदलत नाही. ते काम राज्याचं आहे.

आणि कायद्यानं ते राज्यावर टाकलेलंच आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम १८ उपचाराचा हक्क देतं आणि त्यात जातीवरून भेदभाव नको, हे स्पष्ट लिहिलेलं आहे. दारिद्र्यरेषेखालच्या आणि बेघर माणसांना मोफत उपचार, घरी व वस्तीत पुनर्वसन, हेही त्याच कलमात. कलम १९ समाजात राहण्याचा हक्क देतं. कलम ९५ साखळीला पूर्ण बंदी घालतं. कलम २७ हे हक्क मिळवण्यासाठी मोफत कायदेशीर मदत देतं.

घरातला पहिला पदवीधर म्हणून हे सगळे फॉर्म शेवटी तुमच्याच हातात येतात. पण एका शिकलेल्या पोरानं एक घर सावरणं, हा धोरणाला पर्याय नाही. म्हणून मागण्या सामूहिक हव्यात. प्राथमिक आरोग्य केंद्रात बाराही महिने औषध. वस्तीतलाच, पूर्ण पगारावरचा कार्यकर्ता. आशाताईंच्या तुटपुंज्या मोबदल्यावर आणखी एक ओझं नको. अपंगत्व प्रमाणपत्राची शिबिरं तालुक्यात. पेशंट आला नाही तर आठवड्याच्या आत घरभेट. ती भेट पकडून नेण्यासाठी नको. काय त्रास होतोय, काय हवंय, हे विचारण्यासाठी हवी. आणि माहिती अधिकारात विचारा: जिल्ह्यात किती पेशंट सुटले, त्यांतल्या किती जणांच्या घरी कुणी गेलं, ते कुठल्या वस्त्यांतले?

आपल्या माणसांना आधीच पुष्कळ नावं ठेवली गेलीत, म्हणून घरातला हा आजार आपण लपवतो. ती भीती खरी आहे. पण लपवलेल्या माणसाच्या नावानं कुणी हक्क मागत नाही, आणि तेच व्यवस्थेच्या सोयीचं ठरतं.

यापुढे ओपीडीच्या रजिस्टरमध्ये 'पेशंट आला नाही' असं लिहिलं जाईल, तेव्हा शेजारी आणखी एक रकाना मागा: 'आम्ही कितीदा गेलो?' तो रकाना रिकामा असेल, तर डिफॉल्टर कोण ते त्या कागदावरच दिसेल.