जुलाबाची नोंद

आहुप्यापासून नाणेघाटापर्यंतच्या डोंगरपट्टीत मृगाचे गढूळ पाणी विहिरीत उतरले की कुठे ना कुठे चार दिवस जुलाब लागतात, मीठ-साखरेच्या पाण्यावर निभावून जातात, आणि माणूस पुन्हा भाताच्या आवणीला उभा राहतो. एवढ्या दुखण्याची दफ्तरी नोंद व्हावी, असे कोणासही वाटत नाही. परंतु अशा रोग्यांपैकी एखाद्या विरळ्याच्या पायांत आठ-पंधरा दिवसांनी मुंग्या येऊ लागतात, चालताना चप्पल निसटते, जमिनीला हात टेकल्यावाचून उठवत नाही, आणि ही शक्तिहीनता वर सरकत छातीपर्यंत पोहोचली तर श्वासही यंत्राच्या हवाली करावा लागतो. गियाँ, बारे आणि स्ट्रोल या फ्रेंच वैद्यांनी १९१६ साली दोन सैनिकांच्या ठायी वर्णिलेला हा विकार वर्षाकाठी लाखात एका-दोघांनाच होतो.

आतड्याच्या दुखण्याने पाय का लुळे पडावेत, या प्रश्नाचा उलगडा जपानी संशोधक नोबुहिरो युकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी या जंतूच्या कवचावरील शर्करारचना मज्जातंतूंवरील जीएम-१ या द्रव्याशी हुबेहूब जुळते, हे त्यांनी १९९३ साली दाखविले. म्हणजे आतड्यात शिरलेल्या शत्रूसाठी शरीराने घडविलेली प्रतिपिंडे स्वकीय मज्जातंतूंवरच चालून जातात. पुढे २००४ साली त्या जंतूचे द्रव्य टोचलेल्या सशांचेही पाय लुळे पडले, तेव्हा शंकेला जागा उरली नाही. या संशोधनाने व्याधीचा उगम मज्जातंतूंतून काढून पिण्याच्या पाण्यात आणि अन्नात नेऊन ठेवला, हे मला त्याचे सर्वांत मोठे मोल वाटते.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेडगाव, किरकटवाडी या भागांत हा विकार पसरला, रुग्णसंख्या दोनशेवर गेली, आणि काहींच्या शौचनमुन्यांत हाच जंतू सापडला. रुग्ण एकाच मुलखातून एकाच सुमारास आले म्हणून शहराला त्याची जाग आली. आंबेगाव-जुन्नर तालुक्यांतल्या या डोंगरवाडीवरचा एकटादुकटा रुग्ण मात्र असा दिसत नाही. त्याचे जुलाब प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वहीत, त्याचा लुळेपणा पुण्याच्या रुग्णालयातील कागदावर, आणि ते दोन कागद कधीच एकमेकांना भेटत नाहीत.

तजवीज नवी करावयाची नाही. पंधरा वर्षांखालील मुलाचे हातपाय अचानक लुळे पडल्यास तात्काळ वर्दी द्यावी आणि १४ दिवसांच्या आत शौचाचे दोन नमुने पाठवावेत, असा पोलिओसाठीचा शिरस्ता चालू आहेच. तो या दोन तालुक्यांत प्रौढांनाही लागू करावा, आणि नमुन्यांत जंतूंचाही शोध घ्यावा. तोवर जलसुरक्षकाने बादलीत टीसीएल ही क्लोरीनची भुकटी कालवून, गाळ बसू देऊन, वरची निवळ विहिरीत सोडावी, आणि नळीतल्या पाण्यात क्लोरीन तपासणाऱ्या ओटी द्रावणाचा थेंब पडताच पिवळी छटा उमटते की नाही, हे सरपंचाने समक्ष पाहावे. ही छटा पाहण्यास विद्वत्ता लागत नाही, पण ती रोज पाहावी लागते.

प्रतिपिंडांचे इंजेक्शन पहिल्या दोन आठवड्यांत मिळाले तर सर्वाधिक गुणकारी ठरते, आणि योग्य शुश्रूषा लाभलेले बहुसंख्य रुग्ण पुन्हा चालू लागतात. म्हणून घोडेगाव-मंचरहून रुग्ण पुण्यास धाडताना दिल्या जाणाऱ्या चिठ्ठीवर आणखी एक ओळ छापावी: गेल्या महिन्यात जुलाब झाले होते काय, आणि पाणी कोणत्या विहिरीचे?