टेस्टचा स्विच कुठे आहे?

18 मे 2025, रविवार. एकाच दिवशी दोन आगी. हैदराबादच्या जुन्या शहरात, चारमिनारजवळच्या गुलजार हौज इथं 17 जण गेले, त्यात 8 मुलं. इकडं सोलापूरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात 8 जण गेले. त्यानंतर शॉर्टसर्किटवर आणि अग्निशमनच्या गाडीवर भरपूर बोललो आपण. धूर भरल्यावर, लाईट गेल्यावर जिना दिसणार कसा, यावर फारसं बोलणं झालं नाही.

अकोल्याच्या जुन्या शहराला हा प्रश्न जवळचा आहे. मोर्णेकाठच्या या गल्ल्यांत खाली दुकान, वर मदरसा नाहीतर ट्यूशन, त्याच्यावर बिऱ्हाड, आणि उतरायला जिना एकच. तिथं बॅटरीची इमर्जन्सी लाईट बसवणं चांगलंच. पण ती चालते की नाही हे पाहायचा टेस्ट स्विच कुठे आहे, हे बिल देताना कोणी विचारत नाही.

या लाईटचं काम सोपं आहे. मेन लाईनचा पुरवठा तुटला की ती स्वतःच्या बॅटरीवर पेटते. म्हणून टेस्ट म्हणजे तिचा पुरवठा तोडून पाहणं. लाईटच्या अंगावर छोटं बटन असतं, पण ती आठ-नऊ फुटांवर! शिडी कोण आणणार? शिवाय त्या बटनानं बॅटरी आणि बल्ब तेवढे कळतात, लाईट योग्य लाईनला जोडली आहे का ते कळत नाही. स्विच तळमजल्यावरच्या मेन बोर्डात ठेवला तर दाबणारा खाली आणि लाईट तिसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या तोंडाशी साधा स्विच लावला, तर आमचे विद्यार्थी एका दिवसात त्याचा निकाल लावतील, हे आम्ही शिक्षक म्हणून खात्रीनं सांगतो.

मग जागा कोणती? हाताच्या उंचीवर, जिथून ती लाईट डोळ्यांना दिसते तिथं, आणि स्विच चावीचा. त्यानं त्याच जिन्याच्या लाईटची लाईन तुटली पाहिजे, पूर्ण इमारतीची नव्हे. पंखे-कॉम्प्युटर बंद पडणार असतील तर दुसऱ्या महिन्यापासून टेस्टच बंद पडते.

आपल्याकडचा खास गोंधळ इन्व्हर्टरचा. इमर्जन्सी लाईट इन्व्हर्टरच्या लाईनला जोडून टाकतात. जिन्याचा एमसीबी पडला तरी इन्व्हर्टर चालू, म्हणून तिला वाटतं सगळं ठीक आहे. जिना अंधारात आणि ही गप्प. भारनियमनाच्या काळात एक बरं होतं, टेस्ट रोजच व्हायची! आता बॅटरी आत मेली तरी पत्ता लागत नाही. त्यात अकोल्याचा 45 अंशांचा उन्हाळा. सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य उष्णतेत झपाट्यानं घटतं.

कायदा आहे. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार, त्याच्या कक्षेतल्या इमारतींच्या मालकानं दरवर्षी जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र द्यायचं असतं. राष्ट्रीय इमारत संहिता दीड तास उजेड मागते. अमेरिकेत दर महिन्याला 30 सेकंद आणि वर्षातून एकदा पूर्ण 90 मिनिटं टेस्ट करण्याचा नियम आहे. वर्षातून दोनदा कागद मिळाला म्हणून मधले महिने आपोआप सुरक्षित होत नाहीत.

मस्जिद कमिटी, शाळा आणि शादीखान्याच्या मंडळींनी इलेक्ट्रिशियनला आपल्यासमोर जिन्याचा एमसीबी पाडायला सांगावं. लाईट पेटली नाही तर पैसे थांबवावेत. दीड तासाची टेस्ट मात्र सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी घ्यावी, लग्नाच्या किंवा तरावीहच्या दिवशी नको. बॅटरी परत भरायला चोवीस तास लागू शकतात. चावी एक ऑफिसात, दुसरी मुअज्जिनसाहेबांकडे किंवा चौकीदाराकडे, म्हणजे जो रोज तिथं असतो त्याच्याकडे.