सहा महिन्यांची आजी

अमेरिकेतल्या मराठी माणसाच्या हातात माइक दिला, की तो दोन मिनिटांत ‘दोन संस्कृतींमधल्या तारेवरच्या कसरती’वर येतो. गणपतीच्या कार्यक्रमात तोच सूर, मंडळाच्या स्मरणिकेतही तोच. मी न्यू जर्सीत एडिसनला राहते, ही कसरत रोज बघते. तारेवर मुलगा-सून किंवा लेक-जावई चालतात, टाळ्याही त्यांनाच मिळतात. खाली तार ताणून धरलेली असते ती पुण्या-नाशकाहून आणलेल्या आईवडिलांनी.

हिशेब सरळ आहे. इथला १९९३ चा केंद्रीय कायदा बाळंतिणीला १२ आठवड्यांची रजा देतो, तीही बिनपगारी. काही राज्यं वर थोडे पैसे देतात, आमचं देतं. पुढे बाळाला पाळणाघरात ठेवायचं, तर महिन्याला दोन हजार डॉलरच्या आसपास मोजा. मुंबईहून आईचं जाण्यायेण्याचं तिकीट त्याहून स्वस्त पडतं. मग पहिले सहा महिने तिची आई, पुढचे सहा महिने त्याची. एक विहीण विमानात चढते, दुसरी उतरते; गिरणीचा भोंगा तेवढा वाजायचा राहतो. सहाच महिने का, तर पाहुण्यांच्या व्हिसावर एका खेपेला साधारण तेवढंच राहू देतात. त्या व्हिसावर नोकरी करायलाही बंदी आहे. पण सकाळी सातपासून बाळाची अंघोळ, दुपारी पोळ्या, संध्याकाळी थोरल्याला शाळेच्या बसवरून आणणं, याला काम म्हणायचं नाही, प्रेम म्हणायचं, असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलेलं आहे.

त्या व्हिसासाठी बाबा मुंबईच्या वकिलातीत एफडीच्या पावत्या, फ्लॅटचे कागद, पेन्शनचं पुस्तक अशी जाडजूड फाईल घेऊन उभे राहतात. ‘आम्ही नक्की परत जाऊ’ हे खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याला पटवायचं असतं. मुलालाही तीच खात्री हवी असते, तो फक्त विचारत नाही. विमानतळावर दोघांसाठी व्हीलचेअर सांगितलेली असते. पाय धड असतात. इंग्रजीची धास्ती असते. आणि तेवीस-तेवीस किलोंच्या बॅगांत त्यांचे स्वतःचे कपडे कमी, भाजणी, मेतकूट नि डिंकाचे लाडू जास्त.

मग मुक्काम सुरू. आमच्या वसाहतीत फुटपाथ नाही, बस नाही, आणि आजोबा इथे गाडी चालवत नाहीत. देवळात, वाचनालयात, अगदी ओक ट्री रोडवर भाजी आणायला जायचं तरी शनिवारची वाट बघायची. शनिवारी ऐकायचं, ‘बाबा, आज जरा कॉस्टको उरकून घेऊ.’ डिसेंबरात साडेचारलाच अंधार. गावात ज्यांना पाहून पोरं सायकलवरून खाली उतरायची, ते निवृत्त मुख्याध्यापक इथे कचऱ्याचा डबा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा, हे सुनेला तीनदा विचारतात. दाढ ठणकली तरी बोलत नाहीत. प्रवासी विमा जुनी दुखणी सहसा धरत नाही, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात मुलाच्या चेहऱ्यावरून ओळखलेलं असतं.

आणि संस्कृती? ती टिकावी म्हणून नातवाला रविवारी गाडीत घालून मराठी शाळेत नेतात. आठवडाभर घरात अस्सल मराठी बोलणाऱ्या आजीला मात्र बजावलेलं असतं, ‘आई, त्याच्याशी इंग्लिशमध्ये बोल गं, प्रीस्कूलमध्ये कन्फ्यूज होतो तो.’ उकडीचे मोदक तिनं वळायचे, फोटो लेकीनं टाकायचा, आणि ‘सातासमुद्रापार जपलेली परंपरा’ हा लेख जावयानं लिहायचा. असे लेख मी रकान्यांनी वाचले आहेत. आजीचं नाव एकातही सापडलं नाही.

‘पण त्यांना आवडतं ना!’ हे मला हमखास ऐकवलं जातं. आवडतंच. नातवंडांचा लळा खोटा नसतो. आईवडिलांना आधी विचारून, त्यांच्या सवडीनं बोलावणारी, त्यांना बोस्टन-नायगारा सोडून चार समवयस्क माणसं मिळवून देणारी घरंही मला ठाऊक आहेत. त्यांनी हे मनाला लावून घेऊ नये. बाकीच्यांसाठी एक कसोटी आहे. मूल पाच वर्षांचं झालं की सरकारी शाळेत जातं, फुकट. तोवर मुलगा इथला नागरिक झाला असेल, तर आईवडिलांना तो ग्रीन कार्डावर कायमचं आणू शकतो. त्यांना वार्षिक कोटा नाही. ज्या रांगेच्या नावानं आपण उठता-बसता रडतो, ती त्यांच्यासाठी नाहीच. नेमका त्याच सुमारास फोनवर काळजीचा सूर लागतो, ‘बाबा, एवढा लांबचा प्रवास आता तुम्हाला झेपायचा नाही.’ धाकट्याच्या वेळी हाच प्रवास, तिकीट स्वस्त पडतं म्हणून, दोन थांब्यांनी करवला होता.