असईचे गोलंदाज

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन होऊन आठवडाही उलटलेला नाही, आणि आज २३ सप्टेंबर. १८०३ साली याच दिवशी जालना जिल्ह्यातल्या असईजवळ, केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात, दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजेवर इंग्रजांचा आर्थर वेलस्ली चालून आला. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. आपली सर्वांत चांगली लढाई कोणती, असे म्हातारपणी विचारले तेव्हा त्याने असईचे नाव घेतले. आपण मात्र ते क्वचितच घेतो.

दोनच दिवस आधी बदनापूरला वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांनी दोन बाजूंनी चालून जायचा बेत ठरवला होता. मराठी फौज अपेक्षेआधीच समोर आली आणि वेलस्ली स्टीव्हन्सनसाठी थांबला नाही. वाटाडे म्हणाले, नदीला उतार नाही. पण दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली, म्हणजे उतार असणारच, हे त्याने ताडले. मॅसिडोनियाच्या सिकंदराने इ.स.पू. ३२६ मध्ये झेलमवर हेच केले होते: शत्रूला अपेक्षा नसेल तिथून नदी ओलांडायची. पण तिथे पोरस घायाळ होईपर्यंत हत्तीवरून लढत राहिला. हरूनही त्याचे नाव राहिले ते त्यामुळे.

असईत लढाई निकराला आली तेव्हा फौजेचे दोन्ही धनी तिच्या पाठीशी नव्हते. पायदळ हॅनोव्हरच्या पोलमनच्या हाती होते. वेलस्ली बगलेवर येताच या कवायती पलटणींनी अख्खी फळी काटकोनात वळवली. इतकी सफाई त्याला अपेक्षित नव्हती. तोफा शंभराच्या आसपास. गोलंदाज जागचे हलले नाहीत. इंग्रजांची फळी अंगावरून पुढे गेली तेव्हा काही जण मेल्यासारखे पडून राहिले, मग उठून त्यांनी त्याच तोफा फिरवल्या आणि पाठीमागून मारा केला. ईस्ट इंडिया कंपनीची दीड हजारांहून अधिक माणसे मारली गेली किंवा जखमी झाली, लढलेल्या फौजेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही जास्त. अखेर ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या.

हा पराभव गोलंदाजांचा नव्हे, नेतृत्वाचा. महादजी शिंद्यांनी युरोपीय सेनानी द बॉयन्यकडून उभी करून घेतलेली ही कवायती फौज. त्यांच्या मृत्यूनंतर नऊच वर्षांनी तिचे इंग्रज अधिकारी कंपनीच्या आवाहनाला प्रतिसाद देत चाकरी सोडून निघाले होते. यशवंतराव होळकर बाजूला राहिले. याउलट, याच जालन्याहून १६७९ साली शिवाजी महाराज परतत होते आणि मोगलांनी गाठले, तेव्हा महाराज फौजेसोबत होते. सरदार सिधोजी निंबाळकर लढता लढता पडले, बहिर्जी नाईकांनी वाट दाखवली आणि फौज पट्टागडाला पोहोचली.

असईनंतर तीन महिन्यांनी, ३० डिसेंबरला, शिंदे आणि इंग्रज यांच्यात सुर्जी अंजनगावचा तह झाला. असई आणि हत्तीचे चिन्ह ब्रिटिश पलटणींनी आपल्या निशाणांवर अभिमानाने मिरवले. तोफांपाशी मेलेल्या आपल्या माणसांसाठी जिल्हा परिषदेने एवढे तरी करावे: भोकरदन-जाफराबादच्या शाळांच्या सहली अजिंठा-वेरूळला जातात, त्या जाव्यातच, पण एक दिवस असईलाही न्याव्यात. शिक्षकांनी नकाशा हाती घेऊन मुलांना केळणेच्या काठाने चालवावे आणि उतार कुठे असावा, फळी कुठे वळली, तोफा कुठवर उभ्या होत्या, हे जमिनीवर दाखवावे.