आकाशातील बाजारपेठ

विमानातील प्रवाशाला इंटरनेट पुरविणाऱ्या बिनतारी यंत्रसामग्रीचा व्यापार पुढे भरभराटीस येईल काय? आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर यंत्रात नसून खिशात आहे. सोय हवीशी वाटणे निराळे आणि तिच्यासाठी पैसे मोजणे निराळे.

हा धडा प्रथम गिरवावा लागला तो बोइंगसारख्या बलाढ्य कंपनीस. २००१ साली तीन मोठ्या अमेरिकन विमानकंपन्या तिच्या योजनेत भागीदार होणार होत्या. सप्टेंबरमधील हल्ल्यांनंतर त्या बाजूस झाल्या. अखेर २००४ मध्ये लुफ्तान्साच्या विमानांत उपग्रहामार्फत सेवा सुरू झाली. लांबच्या प्रवासास दर सुमारे ३० डॉलर. यंत्रणा चालली, पण गिऱ्हाईक पुरेसे मिळाले नाही, आणि २००६ मध्ये बोइंगने दुकान आवरले.

२००८ पासून गोगो कंपनीने जमिनीवरील मनोऱ्यांच्या आधारे चालणारी यंत्रणा अमेरिकेत पसरविली. विमाने वाढली, तरी तोटा सुटेना. २०२० मध्ये तिने प्रवासी विमानांचा विभाग इंटेलसॅटला ४० कोटी डॉलरना विकला. आणि घेणारी कंपनी स्वतःच तेव्हा दिवाळखोरीच्या कज्जात होती!

असे का व्हावे? विमानाच्या पाठीवरील अँटेनामुळे वजन व हवेचा रोध वाढतो, म्हणजे इंधन अधिक जळते. ती बसविताना विमान जमिनीवर अडकून पडते. शिवाय विमान वीस-पंचवीस वर्षे उडते. यंत्र मात्र त्याच्या कितीतरी आधी जुने होते.

आता पैसे देणारा बदलत आहे. २०२३ पासून डेल्टा कंपनी आपल्या सभासद-प्रवाशांना ही सेवा विनामूल्य देऊ लागली. २०२४ मध्ये हवाईयन व कतार या कंपन्यांनी पृथ्वीच्या जवळून फिरणाऱ्या स्टारलिंक उपग्रहांची जोड घेतली. आपल्याकडे २०१८ च्या नियमांनी वाट मोकळी केली आणि २०२५ च्या आरंभी एअर इंडियाने देशांतर्गत मार्गांवरील काही विमानांत ती विनामूल्य सुरू केली. चहापाण्याप्रमाणे हा खर्चही आता तिकिटातच मुरणार, अशी चिन्हे आहेत.

तेव्हा यंत्रांची मागणी वाढेल, हे आम्हांस मान्य आहे. परंतु त्यांचे ग्राहक म्हणजे मोजक्या आणि पैशापैशाचा हिशेब करणाऱ्या विमानकंपन्या. खप वाढला म्हणून नफाही वाढेलच असे नाही. या धंद्यात आपली पुंजी गुंतवू पाहणाऱ्या वाचकांनी यंत्राचा वेग विचारण्याआधी, बिल कोण भरणार, एवढे अवश्य विचारावे.